माजी संचालकांचा पहिला मान

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. दिवे मंद होतात, पडदा वर जातो, आणि समोर दिसतो एका घराचा सोपा, पुढची बैठकीची जागा. गाव उंब्रजच्या अलीकडे, हायवेला लागून. रात्रंदिवस चालणाऱ्या ट्रकांचा आवाज हेच पार्श्वसंगीत. डाव्या भिंतीवर हार घातलेले पूर्वज. उजव्या भिंतीवर हार घातलेले हंबीरराव. पूर्वज वारलेले आहेत म्हणून त्यांच्या तसबिरींना हार. हंबीरराव चांगले धडधाकट आहेत, पण फोटोच सत्काराचा असल्यामुळे हार त्यांच्या गळ्यातच आहे. मधोमध चौरंग. चौरंगावर भरतकामाचा लाल रुमाल, आणि रुमालाखाली काहीतरी चपटं. नवख्या माणसाला वाटावं, देव झाकून ठेवलाय. देव नव्हता तो. लॅपटॉप होता. साल एकोणीसशे नव्व्याण्णव.

पहिला प्रवेश हंबीररावांचा. दुसऱ्या कुणाचा असणार?

जुन्या नाटक कंपन्यांत असा एक नट असायचाच. भूमिका म्हणाल तर भालदाराची, दोन वाक्यं आणि एक मुजरा. पण रंगपटात आरशासमोर पहिला तो बसणार, चहाचा पहिला कप त्याला लागणार, आणि हँडबिलात नाव खाली गेलं तर तो मालकाशी तीन मुक्काम बोलणार नाही. हंबीरराव त्या घडणीचे. सहकारी साखर कारखान्यावर ते पाच वर्षं संचालक होते आणि उरलेलं आयुष्य माजी संचालक. यांतलं दुसरं पद त्यांनी जास्त मनापासून सांभाळलं. जीपच्या काचेवर ‘माजी संचालक’, दारावरच्या पाटीवर ‘माजी संचालक’, पुतणीच्या शाळेच्या दाखल्यावर पालकाचा व्यवसाय, तोही माजी संचालक. संचालक असताना त्यांनी नेमकं काय केलं, हे मात्र गावात कुणाला सांगता येत नसे. मंडळाच्या सभेत अध्यक्षांच्या उजव्या हाताची खुर्ची कुणाची, या एका प्रश्नावर ते बोलले होते, आणि चांगले बोलले होते, एवढंच लोकांना आठवे.

आता एकट्या हंबीररावांना हसायचं तर गावालाही हसावं लागेल. चैत्रातल्या जत्रेत पालखी देवळाबाहेर निघाली की पहिला नारळ हंबीररावांच्या घराचा, दुसरा त्यांच्या बरोबरीच्या आकारामच्या घराचा, मग बाकी गाव. एका वर्षी आकारामच्या वडिलांनी, घाईत म्हणा की मुद्दाम म्हणा, आपला नारळ आधी वाढवला. हंबीररावांच्या वडिलांनी तिथेच पालखीपुढे बैठक मारली. देव उन्हात उभा, भोई घामाने निथळलेले, वाजंत्री वाजवून वाजवून गप्प झालेले, आणि दोन कर्ते पुरुष एका नारळावरून हटून बसलेले. दिवस कलला, फौजदार आला, तेव्हा कुठे देव मोकळा झाला. हंबीरराव तेव्हा चड्डीतले पोर. बापाच्या मांडीला मांडी लावून तेही उन्हात बसले होते. हा मुलगा पुढे आयुष्यात दुसरं काही शिकला नाही तर नवल काय?

लॅपटॉप घरात आला तोही असाच. आकारामने बिनवायरचा फोन आणला आणि गोठ्यात म्हशीजवळ उभा राहून तो साऱ्या गावाला ऐकू जाईल असा बोलू लागला. महिन्याभरात हंबीररावांनी पुण्याहून लॅपटॉप आणला. अमेरिकेला परत निघालेल्या कुणा पाहुण्याच्या पाहुण्याचा तो होता, थोडा वापरलेला, वजनाला पाट्यासारखा. त्यावर करायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. इस्लामपुरात राजवर्धन नावाच्या तरुणाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने त्यात विंडोज नीट बसवून दिली, सत्काराचा फोटो पडद्यावर चढवला, सुरुवातीला सनई वाजेल अशी सोय केली आणि पत्त्यांचा खेळ शिकवला. बटण दाबलं की सनई वाजे, मग फेटा बांधून शाल स्वीकारणारे हंबीरराव पडदाभर उमटत, आणि मग हंबीरराव हंबीररावांसमोर बसून पत्ते लावत.

त्यांच्या पत्नी मनुबाई चुलीपुढून म्हणायच्या, “स्वतःलाच बघायचं तर भिंतीवरचा आरसा काय वाईट हाय? त्येला वीज तरी लागत न्हाई.”

आता ती मुलगी, जिच्यामुळे हे सगळं सांगायचं. शिवांजली ही हंबीररावांच्या धाकट्या भावाची, मानसिंगची लेक. मानसिंग फौजेत सुभेदार. आज जोधपूर, उद्या तेजपूर, परवा आणखी कुठे. पोरीची शाळा किती वेळा बदलायची, म्हणून पाचवीपासून तिला थोरल्या चुलत्याकडे ठेवली. ती त्यांना तात्या म्हणे. तात्यांच्या मानपानाची तिला लहानपणापासून लाज वाटत आलेली. लग्नाच्या पंगतीत तात्या पहिल्या पाटासाठी आचाऱ्याशी हुज्जत घालू लागले की ती खाली बघून मिठाशी चाळा करत बसे. आणि लाज वाटली की त्या लाजेचंही तिला वाईट वाटे. कारण बारावीच्या परीक्षेला एसटीचा संप झाला, तेव्हा याच तात्यांनी तिला रोज जीपमधून कराडला नेलं होतं, आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर चिंचेखाली बसून राहिले होते. अर्थात तिथेही त्यांनी केंद्रप्रमुखांकडून खुर्ची मागवून घेतली होती.

सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ती कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्षाच्या शेवटी प्रकल्प करून दाखवायचा असतो. कुणाच्या उसाची तोडणी कधी, याची पाळी लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या तारखेवरून लावून देणारा प्रोग्राम तिने लिहायला घेतला होता. विभागाची अट अशी की प्रकल्प युनिक्सच्या घराण्यातल्या सिस्टिमवरच चालला पाहिजे, विंडोजवर नाही. प्रयोगशाळेत तशी यंत्रं मोजकी, मुलं ढीगभर, आणि तासागणिक वीज जायची. पुण्याच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं, पण प्रकल्पात उत्तीर्ण झाली तरच. नाहीतर खंडाळ्याचं एक स्थळ हंबीररावांनी हेरून ठेवलंच होतं. आणि प्रकल्प झाला तरी पुण्याला धाडायचं की नाही, यावर तात्या हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. विषय निघाला की ते पान लावायला घेत.

घरात चौरंगावर लॅपटॉप लाल रुमालाखाली झोपलेला, आणि इथे पोरगी यंत्रासाठी रांगेत उभी. एका सुट्टीत तिने धीर करून तो मागितला. हंबीररावांनी लगेच दिला. मनाने कंजूष कधीच नव्हते ते. एकच अट घातली: त्यातलं आमचं काही हलवायचं नाही. फोटो, सनई, पत्ते, सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे.

म्हणून मग एका यंत्रात दोन सिस्टिम. शिवांजलीची मैत्रीण अपूर्वा सांगलीच्या गावभागातली. जिभेला धार, पण हात मदतीला आधी येणारा. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेली, युनिक्सच्याच घराण्यातल्या लिनक्सची सीडी तिच्याकडे होती. दोघींनी अपूर्वाच्या घरी बैठक मारली, डिस्कचे दोन भाग केले, एकात तात्यांची विंडोज तशीच ठेवली आणि दुसऱ्यात लिनक्स बसवली.

हा प्रकार ज्याला कळणार नाही त्याने जुनं थिएटर डोळ्यांपुढे आणावं. एकाच थिएटरात दोन कंपन्यांचे मुक्काम पडत. आज एकीचा राजवाडा उभा राही, उद्या दुसरीचं जंगल. पडदे वेगळे, पेट्या वेगळ्या, नायिका वेगळ्या. रंगमंच तेवढा तोच. एका वेळी खेळ मात्र एकीचाच. काय सुगंध असायचा त्या रंगपटांना, दाढीमिशा चिकटवायच्या स्पिरिट गमचा आणि मोगऱ्याचा! पण ते असो. तिथे दारावर एक माणूस लागायचा, आज कुणाचा खेळ हे ठरवून पडदा वर करायला सांगणारा. लॅपटॉपमध्येही असा एक दारवान बसवावा लागतो. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर तो विचारतो, कोण पाहिजे? क्षणभर वाट पाहतो. उत्तर आलं नाही, तर आधी ठरवून दिलेल्या कंपनीचा पडदा वर करतो.

शिवांजलीने घरी येऊन तात्यांना हे सारं समजावून सांगितलं. तिच्या बोलण्यातलं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं असेल तर शपथ. ती थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“पयलं कोण उठतंय?”

ती याच घरात वाढलेली. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं आणि उत्तर तिने आधीच यंत्रात घालून ठेवलं होतं. “तुमचंच, तात्या. कुणी काय दाबलं न्हाई तर तुमचंच वर येतंय.”

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. प्रकरण मिटलं असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाची बशी हातात घेऊन तिच्यापुढे उभे राहिले. कपाळाला आठ्या. रात्रभर त्यांनी काय विचार केला देव जाणे.

“पण त्यो इचारतोय कशाला? माझं यंत्र, माझ्या घरात, आणि मलाच इचारणार व्हय, कोण पायजे म्हणून?”

तिने परत समजावलं की तो तात्यांना विचारत नाही, जो कुणी समोर बसेल त्याला विचारतो. हे तर आणखीच वाईट झालं. म्हणजे माजी संचालक आणि कुणीही, दोघं एका पायरीवर? मनुबाई आतून म्हणाल्या की देवळातला गुरवसुद्धा ह्यांना नाव इचारत न्हाई, मग यंत्रानं इचारलं तर राग येणारच की. हंबीररावांना ते टोचलं नाही. त्यांना ते पटलं.

चैत्र आला. जत्रेला साताऱ्याचे पाहुणे येणार होते, त्यांत आकारामचा नवा जावईही होता, कचेरीत कुठेसा साहेब असलेला. हंबीररावांनी सांगलीला वसतिगृहावर जीप पाठवली: जत्रेपुरता लॅपटॉप घरी पाहिजे. प्रकल्पाची परीक्षा तोंडावर आलेली. तिला नाही म्हणता येईना. यंत्र त्यांचं, जीप त्यांची, ती ज्या घरात वाढली ते घर त्यांचं. प्रोग्रामचं मूळ लिखाण तिने फ्लॉपीवर उतरवून घेतलं. पण नुसत्या संहितेने नाटक उभं राहत नाही. ते चालवायला लागणारं सगळं नेपथ्य, चार महिने खपून रचलेलं, त्या यंत्राच्या पोटात होतं. तिने ड्रायव्हरच्या हातात लॅपटॉप बाळासारखा दिला आणि तात्यांना सांग म्हणाली, पत्ते खेळा, पण दुसरं काही करू नका.

जीप सांगलीहून निघाली, ती वाटेत इस्लामपुरात थांबली. हंबीरराव तिथे येऊन थांबलेच होते.

राजवर्धनच्या हुशारीबद्दल काय सांगावं? टीव्ही बिघडला की बाजूने थोपटायचा असतो, या पायावर त्याचं सारं शास्त्र उभं होतं. तो गिऱ्हाइकाला नाही म्हणत नसे, आणि समजलं नाही असंही म्हणत नसे. हंबीरराव म्हणाले, त्यो दारावरचा इचारणारा काढून टाक. राजवर्धनने कुठूनसा शिकलेला एक हुकूम टंकला आणि एंटर दाबलं. यंत्र बंद करून चालू केलं. प्रश्न नाही, काळा पडदा नाही. थेट सनई आणि थेट फेटा. दुसऱ्या कंपनीचं काय झालं, हे ना त्याने पाहिलं, ना हंबीररावांनी विचारलं. जत्रेत सोप्यावर बसून आकारामच्या जावयाला त्यांनी सनई तीनदा ऐकवली. जावई भला माणूस. तिन्ही वेळा वा म्हणाला.

लॅपटॉप सांगलीला परतला तो गुलाल आणि खोबऱ्याच्या प्रसादासकट. हंबीरराव स्वतः घेऊन आले आणि वसतिगृहाच्या फाटकात उभे राहून शिवांजलीला म्हणाले की यंत्र आता सुधारून आणलंय, अडखळत न्हाई. ते गेले. तिने बटण दाबलं. सनई वाजली. दारवान नव्हता. तिने परत चालू केलं, परत सनई. तिसऱ्यांदा पडद्यावरच्या तात्यांनी शाल स्वीकारली, तेव्हा ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. परीक्षा परवावर आली होती.

अपूर्वा धावत आली, पाहिलं, आणि तिलाच रडू कोसळलं. रडता रडता तिने हंबीररावांना अशी विशेषणं लावली की ती इथे लिहिता येणार नाहीत. शिवांजली रडली नाही. लहानपणापासून पाहिलेलं तिला आठवत होतं: तात्यांनी एखाद्याचा मान काढून घेतला तरी त्या माणसाला ते गावातून उठवत नसत. त्याला तेवढं दिसेनासं करत. काढलाय तो फक्त दारवान. कंपनी आत असेल, पेट्या-पडद्यांसकट, अंधारात बसलेली. तिने अपूर्वाला तीच सीडी मागितली आणि समोरचं दार बंद म्हणून मागच्या विंगेतून आत शिरावं तसं सीडीवरून यंत्र चालू केलं. थोडी खटपट झाली. आत सगळं होतं. चार महिन्यांतला एक खिळाही हललेला नव्हता. अपूर्वाने डोळे पुसले आणि शिव्या मात्र मागे घेतल्या नाहीत.

दारवान परत नेमायचा होता. त्यासाठी एका छोट्या फाइलमध्ये चार ओळी लिहाव्या लागतात, आणि त्यांतली एक ओळ असते: उत्तर आलं नाही तर कुणाला उठवायचं. शिवांजलीची बोटं तिथे थांबली. आजवर त्या ओळीत तात्यांचं नाव होतं. अपूर्वा म्हणाली, “लिही ना तुझं. विचार कसला करतेस? तुझ्या त्या माजी साहेबांना काय कळणारेय?”

“बाकी काही नाही कळणार,” शिवांजली म्हणाली, “हे मात्र बरोबर कळेल.”

तिने आपलं नाव लिहिलं.

परीक्षेच्या दिवशी सभागृहाला तोरणं लावलेली. आपल्याकडे परीक्षासुद्धा उद्घाटनाशिवाय होत नाही. मुंबईहून बाहेरचे परीक्षक आलेले, मधुकर नावाचे एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक. प्राचार्यांनी सल्लागार समितीच्या सदस्यांनाही बोलावलं होतं. ही समिती एकदाही भरली नव्हती, पण हंबीरराव तिच्यावर होते. समया लागल्या, नारळ फुटला, स्वागतं झाली. मग हंबीरराव प्राचार्यांच्या कानाला लागले. प्राचार्यांनी जाहीर केलं की पहिला प्रकल्प माननीय माजी संचालकांच्या पुतणीचा, तो त्यांच्याच लॅपटॉपवर, आणि बटण दाबण्याची त्यांनाच विनंती.

हे शिवांजलीच्या हिशेबात नव्हतं.

हंबीरराव उठले. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला पटका. लॅपटॉपला मोठा पडदा जोडलेला होता. त्यांनी तर्जनीने बटण दाबलं, दाबलेलं बोट तसंच ठेवलं आणि फोटोवाल्याकडे वळून उभे राहिले. पाठीमागे सनई वाजायची ते वाट पाहत होते. एंट्रीला टाळी पडणार हे ठरवून आलेल्या नटासारखे.

सनई वाजली नाही. मोठ्या पडद्यावर काळोख झाला. मग पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर धावू लागल्या. सभागृहात कुजबुज. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. हंबीररावांनी मान वळवून पाहिलं. फेटा नाही, शाल नाही, हंबीरराव नाहीत. चेहरा असा झाला, जणू रंगमंचावर येऊन पाहावं तर दुसऱ्याच नाटकाचा सेट लागलाय.

“बंद पडलं,” ते म्हणाले. “परत लावतो.” आणि हात बटणाकडे गेला.

यंत्र असं मध्येच तोडलं तर आतलं काय वाचेल याची खात्री नव्हती, आणि सनई वाजल्याशिवाय तात्या तिथून हलणार नाहीत याची मात्र होती. शिवांजली पुढे झाली. तिने त्यांचा हात धरला. सगळ्या सभागृहादेखत, आयुष्यात पहिल्यांदा.

“तात्या, बंद न्हाई पडलं. आज पयला माझा नंबर हाय. तुमी बसा.”

आवाज मोठा नव्हता, पण समोरच्या दोन रांगांना ऐकू गेला. हंबीररावांनी तिच्याकडे पाहिलं. ती पालखीपुढे बसलेल्या आपल्या आज्यासारखी हटून उभी होती. हे त्यांना दिसलं की नाही कोण जाणे. मग ते वळले, खुर्चीपर्यंत चालत गेले आणि बसले. ती खुर्ची दुसऱ्या रांगेतली होती. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची तेवढ्यात कुणी शिपायाने पंखा ठेवायला हलवली होती. त्यांनी खुर्चीवरून हुज्जत घातली नाही म्हणूनच तिला भीती वाटली.

परीक्षकांनी तिला बरंच विचारलं. लागण एकाच दिवशी असेल तर आधी कोण? पाणी कमी पडून ऊस वाळायला लागला तर? ती उत्तरं देत गेली. अडली कुठे नाही. शेवटी प्राध्यापकांनी विचारलं की एकाच यंत्रात दोन्ही कशाला ठेवलं, दुसरं पुसून टाकलं असतं तर जागा मोकळी झाली नसती का? तिने मागे न बघता सांगितलं की दुसरं घरच्या मोठ्या माणसांचं आहे, ते पुसायचं नाही असं ठरलंय. प्राध्यापक हसले, पुढच्या मुलाला बोलवा म्हणाले, आणि जाता जाता प्राचार्यांना म्हणाले की ही मुलगी उत्तम.

ती उत्तीर्ण झाली. पण पुण्याचं दार उघडणारे प्राध्यापक नव्हते. ते दार जीपमध्ये तिच्या शेजारी बसलं होतं. सांगली सुटली, इस्लामपूर गेलं, राजवर्धनच्या दुकानावरून जीप गेली तेव्हा हंबीररावांनी तिकडे पाहिलंही नाही. कराडच्या पुलावर तिने एकदा तात्या म्हणून हाक मारून पाहिली. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, काच वर घे, वारं लागतंय.

घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचलेली. कॉलेजात आकारामच्या भावकीतलं एक पोरगं होतं, आणि बिनवायरच्या फोनचा आजवरचा सर्वांत मोठा उपयोग त्या दिवशी झाला. सोप्यावर माणसं जमली होती. कुणी शिवांजलीचं अभिनंदन करायला आलं होतं असं समजून त्यांचा अपमान करू नये. ती सगळी हंबीररावांचं तोंड बघायला आली होती. आकाराम तर मनुबाईंनी दिलेला चहा बशीत ओतून निवांत बसलेला. मनुबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडातली चेष्टा गिळून टाकली. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

“काय हंबीरराव,” आकाराम म्हणाला, “ऐकतोय ते खरं काय? तुमच्याच यंत्रात म्हणं तुमचा नंबर मागं गेला. आणि पोरीनं भर सभंत खाली बसिवलं.”

हसायला सगळे टपून होते. शिवांजली उंबऱ्यात उभी होती, लॅपटॉप छातीशी धरून. आता तात्या जे बोलतील त्यावर पुणं की खंडाळा, हे तिला कळत होतं.

हंबीररावांनी पटका काढला, खुंटीला लावला. बसले. थांबले. हा नट आयुष्यभर वाईट होता, भूमिका नसताना भाव खात आला होता. पण त्या दिवशी त्याने घेतलेला थांबा मोठमोठ्यांना साधत नाही. त्यांच्या गावात मान हिरावला गेला तर माणूस मेलेला. पण मान स्वतः सोडला, चारचौघांत दुसऱ्याच्या ओंजळीत घातला, तर त्याच्याएवढा मोठा कुणी नाही. आजवर असं गावात कुणी केलं नव्हतं. आपण तेच केलं होतं, असं हंबीररावांनी आत्ता, चहा निवायच्या आत, ठरवून टाकलं.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. पोरीला बोलावून आदल्या दिवशी आपणच सांगितलं की यंत्रात पयलं तुझं उठव. बटण आपणच दाबलं ते तेवढ्यासाठी. दुसऱ्या रांगेत आपण होऊन बसलो. मुंबईचा परीक्षक म्हणाला की असं घर बघितलं न्हाई. पुण्याला? पुण्याला तर तिला तेच पोचवणार होते, जीपनं, येत्या महिन्यात; ते खंडाळ्याचं स्थळ त्यांनीच मोडलं, कारण शिकलेल्या पोरीला शोभेल असं न्हाई ते. एकेक शब्द खोटा. शिवांजली उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती, आणि त्या खोट्यातल्या एकाही शब्दाला तिने हात लावला नाही.

आकारामची बशी निवून गेली. हंबीररावांनी त्याच्याकडे पाहिलं, मांडी मोडून नीट बसले आणि म्हणाले,

“पयला मान म्या माझ्या हातानं पोरीला दिला, आकाराम. तू दिलास का रं कवा कुणाला?”